बगळ्याच्या पोटातली हाक

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमचे पोट पोकळ आहे, आणि त्या पोकळीत दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज फिरतो आहे. तुम्ही श्वास घेत नाही, तो घेतो आहे. आता डोळे उघडा. मी काय सोसले ते तुम्हांला थोडेफार कळले असेल.

मी भाजलेल्या मातीचा एक बगळा आहे. पेणजवळ खाडीकाठी सगुणाताईंचे घर आहे. त्यांच्या पडवीतल्या लहान भट्टीपाशी माझा जन्म झाला. सगुणाताईंनी माती मळली, तिच्या वळ्या एकावर एक रचल्या, आणि पाय पोटाशी घेऊन बसलेला मी तयार झालो. चोचीखाली, गळ्यावर, त्यांनी करंगळी जाईल एवढे भोक ठेवले.

"पोकळ वस्तूला भोक पाहिजेच," त्या आपल्या भाचीला, प्राप्तीला, म्हणाल्या. "हवा आत अडकली की आगीत फुगते. मग ती फुटते, आणि भट्टीतल्या शेजाऱ्यांनाही घेऊन फुटते."

पहिल्या आगीतून मी गुलाबी आणि तहानलेला बाहेर आलो. पाण्याचा थेंब पडला तर पिऊन टाकत होतो. आता अंगावर राखेची झिलई चढवायची आणि पुन्हा भट्टीत जायचे, एवढेच उरले होते.

त्याच दिवसांत प्राप्तीच्या आज्याच्या घशात गाठ निघाली. हा मोरूआजा म्हणजे सगुणाताईंचा बाप, मिठागरावरचा जुना मुकादम. उधाणाचे पाणी बांधाला लागले की तो हाक देई, "होऽऽ येऽऽ होऽऽ", आणि गावातली माणसे फावडी घेऊन धावत. मिठागर केव्हाच बंद पडले. हाक मात्र राहिली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल.

मुंबईला निघायची गाडी दारात उभी असताना प्राप्तीने मला आज्यापुढे धरले.

"आजा, ह्याच्यात हाक दे."

"अगो, बगळ्याला कशाला मिठावर बोलावतेस? यो काय फावडं धरनार हाय?"

"दे ना."

आज्याने माझ्या गळ्याला ओठ लावले आणि हाक दिली. माझी भिंत न् भिंत थरथरली. तोच प्राप्तीने ओल्या मातीचा गोळा भोकात दाबून बसवला. वरून ब्रशने झिलई फासली. कच्ची झिलई राखेसारखी करडी असते. तिच्याखाली भोक दिसेनासे झाले.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी एकटा राहिलो नाही. खाडीला भरती लागली की माझ्या पोटात काहीतरी उठे, भिंतीला पाठ घाशी आणि ओहोटीबरोबर खाली बसे. घरचे मांजर माझ्या फळीवर येईनासे झाले.

आजा परत आला तो मुका होऊन. त्याच्या गळ्यालाही आता भोक होते, आणि श्वास त्यातूनच शिटी घालत ये-जा करी.

दुसऱ्या दिवशी सगुणाताई भट्टी भरायला बसल्या. तडा गेलेला नग कळावा म्हणून त्या प्रत्येकावर बोटाने टिचकी मारत. सगळे लगेच वाजले. माझ्यावर टिचकी मारली, आणि आवाज जरा थांबून आला. आतून, सावकाश. सगुणाताईंनी हात मागे घेतला. मग मला वळवून गळा नीट पाहिला.

"प्राप्ती, भोक कुणी बुजवलं?"

प्राप्तीने मला ओढून मांडीवर घेतले. "उघडायचं न्हाय. आजा हाय त्याच्यात."

"आज्याची हाक मोबाईलवर घेतली आहे की आपण."

"त्यात नुसता आवाज हाय."

"असा भट्टीत गेला तर फुटेल गो. आणि न भाजता ठेवलास तर ही झिलई हाताला लागून निघून जाईल. राख आहे ती."

प्राप्ती हलेना. तिची पकड इतकी घट्ट होती, की करडी राख तिच्या फ्रॉकला लागू लागली.

मोरूआजा उंबऱ्यावरून हे पाहत होता. तो येऊन नातीपुढे बसला. त्याने आपल्या गळ्यातल्या भोकावर तळहात ठेवला. शिटी थांबली. त्याची छाती उचलली, चेहरा काळवंडला. पडवीत एवढी शांतता झाली, की माझ्या पोटातले ते उठून बसलेले मला कळले.

"आजा, हात काढ," प्राप्ती म्हणाली. तिने दोन्ही हातांनी तो ओढून काढला. हवा शिटी घालत आत गेली. मग आज्याने त्याच हाताचे बोट माझ्या गळ्यावर टेकवले.

मित्रांनो, तुम्हीही प्रिय गोष्टी जपाल. जपा, पण त्यांचा गळा मोकळा ठेवा. मला हे एका मुक्या माणसाने शिकवले. पुढे मी सुखरूप भाजलो गेलो, आणि राख वितळून अंगावर खाडीचा हिरवा रंग चढला, तो त्याच्याच बोटामुळे.

प्राप्तीने सुई घेतली आणि गोळा पोखरून सैल केला. शेवटचा तुकडा निघाला, त्या क्षणी तिने माझ्या गळ्याला ओठ घट्ट लावले आणि आतले सगळे ओढून घेतले. माझे पोट गार पडले. मी रिकामा झालो. गाल फुगवून, तोंड मिटून, ती पडवीतून थेट बांधावर धावली आणि ओसाड मिठागराकडे तोंड करून तिने हाक दिली.

"होऽऽ येऽऽ होऽऽ."

आवाज पोरीचा होता, हेल म्हाताऱ्याचा. आजा उठून उभा राहिला. आणि जिथे वर्षानुवर्षे कुणी फिरकले नव्हते, त्या कोरड्या मिठागराच्या पलीकडून कुणीतरी ओ दिली.

सगुणाताईंनी पडवीचा खांब धरला. प्राप्तीने मागे वळून पाहिले नाही. तिने छाती भरून घेतली आणि पुन्हा हाक दिली.