ऊन पडलं आणि आवाज गेला

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची तार आहे. बीडजवळच्या पाली गावात बद्रीनाथरावांच्या गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये मला ताणून बांधलं आहे. बघणाऱ्याला वाटतं, कपडे वाळत घालायची सोय असेल. पण मी रेडिओची अँटेना आहे, आणि भित्री आहे.

बद्रीनाथरावांची मुलगी प्रियदर्शनी शाळेत विज्ञान शिकवते. परवाना काढून तिने घरी लांबच्या माणसांशी बोलायचा हौशी रेडिओ मांडला, बीडच्या बाजारातून मला आणलं आणि माझ्या मधल्या सांध्याला रेडिओची केबल जोडली. ती बोलायची आणि मी तिचे बोल लहरींवर चढवून आभाळात सोडायची. खूप वर, विरळ हवेत, सूर्याच्या तेजाने हवेचे कण फुटतात आणि विजेने भारलेला वायू तयार होतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्या थरावरून माझ्या लहरी वळून खाली यायच्या आणि थेट पुण्यात ऐकू जायच्या. त्या न दिसणाऱ्या छताचा मला फार भरवसा होता.

मग एका भाद्रपदात तीन दिवस पाऊस कोसळला. गावाजवळच्या बिंदुसरा नदीला पूर आला. गावातली वीज गेली, मोबाइल मुके झाले, बीडचा रस्ता पाण्याखाली गेला. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि मला गच्चीवरून दिसलं, की नदीतल्या टेकाडावर शेळ्या राखणारा आसाराम आणि त्याची बायको साखराबाई अडकली आहेत. साखराबाई पदर हलवत होती. पाणी टेकाड खात वर चढत होतं.

प्रियदर्शनीने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रेडिओ लावला. पुण्याचा माणूस लगेच सापडला. "दोन माणसं अडकलीत, होडी पाठवा. गावाचं नाव..." एवढं बोलली आणि समोरचा आवाज विझला. नेहमीची खरखरसुद्धा उरली नाही. माझ्या अंगातून शहारा गेला. मीच तुटले की काय?

"बिघडला का गं?" बद्रीनाथरावांनी विचारलं.

"नाही आप्पा. सूर्यावर मोठा भडका उडाला असणार. त्यानं प्लाझ्माचा खालचा थर दाट होतो, आणि आपल्या लहरी वर पोचायच्या आतच तो गिळून टाकतो."

"मंग कवा सुटंल?"

"तासभर लागेल, नाहीतर जास्त." ती टेकाडाकडे बघत होती. "आखूड लहरी त्यातून निसटू शकतात. पण त्याला तारही आखूड लागते. आप्पा, पकड आणा. मधल्या सांध्याच्या दोन्ही बाजू निम्म्या तोडा."

"अगं, तोडली आन् जमलं न्हाई तर? हाय ते बी जाईल की!"

तिने टेकाडाकडे बोट केलं. "तोडा आप्पा."

पकडीचे दात अंगावर टेकले, तेव्हा भीतीने मी ताठ झाले. एका बाजूला कट्. दुसऱ्या बाजूला कट्. राहिलेल्या तुकड्यांना दोऱ्या बांधून त्यांनी मला पुन्हा ताणलं.

ती हाका मारत राहिली. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग कुठूनतरी एक बारीक आवाज आला. आखूड लहरी जवळचं गाव ओलांडून लांब उतरतात. माणूस गुवाहाटीचा निघाला! त्याने हिंदीत गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि बीडच्या कलेक्टर कचेरीत फोन लावला.

दुपारी होडी आली. साखराबाई आधी चढेना. "माझ्या शेळ्या..." म्हणत रडत होती. आसारामने तिला उचलून आत ठेवलं. दोघं वाचली. नऊ शेळ्या वाहून गेल्या.

आठ दिवस गाव मला बघायला गच्चीवर येत होतं. पुढे प्रियदर्शनीची बदली अंबाजोगाईला झाली, रेडिओ खाली घरात पडून आहे. आता माझ्यावर गोधड्या वाळतात. सांध्यावर हिरवा गंज चढलाय, एक दोरी कुजत आलीय.

मित्रांनो, तुमच्या गावात अशी एखादी तार असेल, तर तिचे सांधे घासा, दोरी बदला. आभाळाची भीती मी सोसेन. पण उद्या कुणी घाबरून हाक मारली, आभाळ मोकळं असलं, आणि माझ्या गंजातच ती हाक अडकली तर?