वारा न्हाय

"जगातलं कुठलंबी यंत्र तीनच गोष्टींनी मरतं," सयाजीराव म्हणाले. "ऊन, पाणी आणि परका हात."

हे वाक्य एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या दारावर कोरावं अशा तोलाचं होतं. पण रविवारी दुपारी मंगळवार पेठेतल्या त्या घरात ते ऐकायला फक्त झुंबरबाई होत्या आणि त्यांच्या हातात ओलं फडकं होतं.

"पाय वर घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "फरशी पुसायची हाय. माणूस यायचाय."

मग इथं बसलाय तो कोण, असं सयाजीरावांनी विचारलं नाही. पाय वर घेतले.

चाळीस वर्षं त्यांनी जळलेल्या मोटारींना नवी तार भरली होती. विहिरीवरच्या, गुऱ्हाळावरच्या, पिठाच्या गिरणीतल्या. शिवाजी पेठेपासून वारणानगरपर्यंत त्यांच्या हातची मोटार फिरत नाही असं गाव नव्हतं. डोक्यावरचा पंखाही त्यांनीच तार भरून उभा केलेला. फिरताना खडखड करायचा, पण घरात कुणीतरी आपल्याशी बोलावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या पंख्याखालीच सुनेचा कॉम्प्युटर होता. अनुजा दिवसभर त्याच्यावर ऑफिसचं काम करायची आणि काम संपलं की बंदूक घेऊन शत्रूच्या मुलखात उतरायची. एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे गोल गोल पळणारे. दसऱ्यापासून त्याला रोग लागला होता. खेळ सुरू झाला की दहा मिनिटांत डोळे मिटायचा. आज पाच वाजता तिच्या टीमचा पुण्याच्या पोरींशी सामना होता.

"मी बघू का?" सयाजीरावांनी सकाळीच विचारलं होतं.

"नको मामा. वॉरंटी जाईल की."

सासऱ्याला मामा म्हणायची रीत चांगली आहे. नकार सुद्धा गोड लागतो. पण दुपारपर्यंत तो गोडवा त्यांच्या छातीत जळजळायला लागला होता.

यायचा तो माणूस आला. नाव सम्राट, वय अठ्ठावीस, कॉम्प्युटर दुरुस्तीत म्हणे नाव काढलेला. त्यानं दारात बूट काढले. सयाजीरावांनी लगेच मोजे पाहिले. एकालाही भोक नव्हतं.

झुंबरबाईंनी सोनेरी काठाच्या कपातून चहा आणला. थोरल्या लेकीला बघायला पाहुणे आले होते, त्यानंतर तो कप आजच कपाटाबाहेर पडत होता.

"साखर बेतानंच टाकलीया," त्या म्हणाल्या. "कमी वाटली तर सांगा."

चाळीस वर्षांत साखरेच्या प्रश्नावर सयाजीरावांचं मत कुणी घेतलं नव्हतं.

सम्राटनं आधी भिंतीतल्या प्लगचं अर्थिंग तपासलं. मग जुना पॉवर सप्लाय काढून स्वतःच्या पिशवीतला लावला. दहा मिनिटांनी कॉम्प्युटर झोपला. मग त्यानं मेमरीची पट्टी काढली आणि खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासायला घेतले.

"खोडरबर?" सयाजीराव कॉटवरून म्हणाले.

"व्हय काका. चिकटा निघतो."

हे आपल्याला उभ्या जन्मात सुचलं नाही, याचा सयाजीरावांना इतका राग आला की पेपरातल्या निधनवार्तांत त्यांनी एकाच गृहस्थाला तीनदा पोहोचवलं.

पट्टी परत बसली. कॉम्प्युटर सुरू झाला. सम्राट स्क्रीनवरचे आकडे बघत राहिला.

"तापतंय लई. अठ्ठ्याण्णव डिग्री." त्यानं आत नजर टाकली. "पंखा तर फिरतोय. मदरबोर्ड गेला असंल वहिनी. मागवायला लागंल. आठ दिवस धरा."

"आठ दिवस?" अनुजाचा चेहरा उतरला. "आणि आजचं काय? गेल्या दोन सामन्यांत मी मधीच गायब झाले. तिसऱ्यांदा झालं तर टीममधनं काढतील मला."

ती पोरींना कळवायला फोन घेऊन गॅलरीत गेली.

सयाजीराव उठले. परक्या हाताचं स्वतःचंच वाक्य लक्षात ठेवून त्यांनी हात मागं बांधले होते. पण सम्राटनं काच काढून ठेवली होती, आणि जवळ गेल्यावर त्यांचा उजवा हात आपोआप पुढं आला. पालथा. मोटारीचा अंदाज तळहातानं घेत नाहीत. शॉक बसला तर बोटं मिटतात आणि माणूस मोटारीला धरून राहतो. पालथा हात झटक्यानं मागं येतो.

त्यांनी तो आतल्या पंख्यासमोर धरला.

"वारा न्हाय."

"काय काका?"

"वारा न्हाय, पावणं. तुमचं दिवं फिरत्यात. पंखा उभा हाय."

सम्राट वाकला. पात्यांवरून दिवे एकामागून एक पळत होते, आणि पाती जागची हलत नव्हती.

"आयला," तो म्हणाला. "फसलो की."

सयाजीरावांच्या छातीला बनियन पुरेना. सुनेला हाक मारायला त्यांनी श्वासही भरून घेतला. तेवढ्यात सम्राटनं पंखा सोडवला आणि चिमट्यानं फटीतून एक दाणा काढला. पिवळा. मग दुसरा, कुंकू लागलेला. मग झेंडूची वाळकी पाकळी.

भरलेला श्वास सयाजीरावांनी हळूच सोडून दिला.

खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा त्यांच्याकडेच असते. पक्कड, टेस्टर, शिलाई मशीन. या कॉम्प्युटरला वर्षभर त्यांना हात लावू दिला नव्हता, पण पूजेला कोण नाही म्हणणार? म्हणून पक्कडीला चार दाणे, आणि त्याला वरून मूठभर. त्याची वरची जाळी अनुजानं दसऱ्याच्या सफाईत धुऊन गच्चीवर वाळत घातली होती. अक्षता थेट पोटात.

"काय निघालं?" अनुजा दारात उभी होती.

सम्राटनं सयाजीरावांकडं पाहिलं. मग मूठ मिटली.

"धूळ वहिनी. लई धूळ. काकांनी पकडलं. मी बोर्डच बदलायला निघालोतो."

"मामांनी?"

"पालथ्या हातानं."

कॉम्प्युटर सुरू झाला आणि सुरूच राहिला. निघताना सम्राटनं पायरीवर ते दाणे सयाजीरावांच्या हातात ठेवले. "देवाचं हाय काका. केरात नको," एवढंच म्हणाला, आणि गाडीला किक मारून गेला.

सयाजीराव पायरीवरच उभे राहिले. माणूस आपल्यापेक्षा हुशार निघाला तर सोसता येतं. तो आपल्यापेक्षा भलाही निघाला तर तोंड कुठं लपवायचं? झुंबरबाईंनी पाहुण्याचा कप विसळून पुन्हा कपाटात ठेवल्याचा आवाज आतून आला.

मग त्यांना मार्ग सापडला. आपण खरं सांगायचं. खरं सांगितलं की सम्राट खोटारडा ठरतो आणि आपण सत्यवचनी. एका वाक्यात पोराला चीत करता येत होतं. तेवढ्यासाठी सुनेसमोर मान खाली घालायला त्यांची तयारी होती.

पाच वाजून गेले होते. अनुजा कानांवर हेडफोन चढवून शत्रूच्या मुलखात उतरली होती. सयाजीराव तिच्या खुर्चीशी जाऊन उभे राहिले. टोपी सारखी केली. अक्षतांची मूठ पुढं केली.

"अनुजा," ते घसा साफ करून म्हणाले, "पोरी, माझ्या हातनं एक..."

स्क्रीनवरची नजर न हलवता तिनं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"मामा, तेवढा वरचा पंखा बंद करा की. त्याची खडखड पुण्यापर्यंत ऐकू जातीय."