सीटखालची पेटी

डेल्बर्ट रोज दवाखान्याच्या आवारात पिकअप लावायचा, कमरेचं पिस्तूल सीटखालच्या लोखंडी पेटीत कुलपात ठेवायचा आणि मगच बायकोपाशी, नेडीनपाशी, वर जायचा. टेक्सासात पिस्तूल गाडीत चालायचं, दवाखान्यात नाही. त्या मंगळवारी नर्सने फोनवर "लगेच या" म्हटलं आणि तो तसाच धावला.

दारातलं धातू शोधणारं यंत्र किंचाळलं.

"काका, आज लढाईवर निघालात की काय?" पहारेकरी हसला.

"बायको चाललीय रे माझी. हे तू ठेव, मला सोड."

त्याचं हसू मावळलं. "मला हात लावता येत नाही, काका. गाडीत ठेवून या. पळा!"

गाडी पार टोकाला होती. पेटीच्या कुलपाचे आकडे दोनदा चुकले. पिस्तूल सीटवरच टाकून जावं असं वाटलं, पण "चोरीला गेलं आणि कुणाचं पोर मेलं तर?" म्हणत ती पेटी नेडीननेच आणली होती. त्याने कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

वर नर्स नेडीनचा हात चादरीखाली ठेवत होती. "आत्ताच गेल्या. कुठे राहिलात म्हणून विचारत होत्या."

"पेटीला कुलूप लावत होतो गं," तो नेडीनला म्हणाला.