दोन आकडे सरकलेलं दार

तालायनं लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रामांना जोडायचा तयार कोड, नारिनपासून बिश्केकपर्यंत चाळीसेक कचेऱ्यांत चालत होती, आणि तालाय चौतिसाव्या वर्षी अजून बिनलग्नाचा होता. शेजारच्या बायका या दोन्ही गोष्टी एका दमात सांगत, जणू पहिलीमुळेच दुसरी झाली.

लायब्ररीचं नाव ‘बुताक’, म्हणजे फांदी. डेटाबेसमधले तक्ते सपाट, ओळीखाली ओळ. जगातल्या गोष्टी मात्र एकीच्या पोटात दुसरी. बुताक प्रत्येक नावाला दोन आकडे देई, एक दार उघडण्याचा आणि एक लावण्याचा. ज्याचे आकडे तुमच्या दोन आकड्यांच्या मध्ये, तो तुमचा वंशज. एका नावाला जागा एकच. नमुना म्हणून तालायनं आपल्याच कुळाची वंशावळ भरली. चार वर्षं म्हाताऱ्यांच्या वह्या उतरवल्या, दुधाच्या चहानं पोट बिघडवून घेतलं, तेव्हा अकरा हजार नावं जमली. आता खोऱ्यात कुणाचं लग्न ठरलं की आधी बुताकला विचारत. दोघांचा सामाईक पूर्वज एकाच्याही सात बापांत निघाला की लग्न मोडलं. दोघांनाही आठव्याला निघाला तर हरकत नाही.

जिपार घोड्यांची डॉक्टर. तिच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करायला तालाय तिच्या काकांच्या घरी गेला. बरोबर ब्याऐंशी वर्षांचे साबिरकुल, ज्यांना तो ‘अता’, म्हणजे बाबा, म्हणे. आणि कादिर, ज्याला तो ‘बायके’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणे. काका जानिझाक यांनी बोर्सोकांची, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची, रास पुढे केली, पण डुलांच्या डबीवर हात ठेवला.

“जावईबापू, डूल नंतर. आधी तुमच्याच फांदीवर चढून बघू.”

“बघा की, काका. मीच लावलीय.”

तालायनं फुशारकीनं लॅपटॉप उघडला. उत्तर यायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. तोकोबाय. जिपारच्या बाजूनं आठवा बाप, तालायच्या बाजूनं सातवा.

जानिझाकनी अर्धा खाल्लेला बोर्सोक खाली ठेवला. “एका पायरीनं गेलं, पोरा.”

“काका, एकच तर...”

“परवा माझ्या भाच्याचं एका पायरीनं मोडलं, तेव्हा तू काय म्हणाला होतास? ‘यंत्र तोंड बघत नाही.’ आठवतं?”

आठवत होतं. साबिरकुल टोपी हातात फिरवत राहिले. कादिर बाहेर जाऊन घोड्याचा मुळातच घट्ट असलेला पट्टा आवळत बसला.

पुढचे दोन दिवस तालाय पडद्यासमोर होता. एक आकडा बदलला असता तर कुणाला कळलं नसतं. पण मग त्या अकरा हजारांतल्या कुठल्या नावावर कुणी विश्वास ठेवला असता? तिसऱ्या दिवशी तो तबेल्यात गेला. जिपार नोंदवहीत शिंगराचा जन्म लिहीत होती.

“आलात का, यंत्र?” ती मान वर न करता म्हणाली.

“चेष्टा नको गं. सगळं तीनतीनदा तपासलं.”

“स्वतःला कुणाखाली लिहिलंयस?”

“अतांखाली. अजून कुणाखाली लिहिणार?”

जिपारनं पेन खाली ठेवलं. “ही करडी घोडी बघ. दुसरीच्या शिंगराला पाजते, चाटते, त्याच्यावरून लाथा घालते. पण माझ्या वहीत कुणी पाजलं ते नसतं, कुणी व्यालं ते असतं.”

थोरल्या मुलाचं पहिलं पोर आजी-आजोबांच्या पदरात घालायचं, ही रीत; मग ते पोर त्यांचंच. तालाय साबिरकुलच्या थोरल्या मुलाच्या, कादिरच्या, पोटी जन्मला आणि चाळिसाव्या दिवशी कादिरनं त्याला साबिरकुलच्या मांडीवर ठेवलं. माहीत सगळ्यांना होतं, त्यालाही. पण चौतीस वर्षं ‘अता’ म्हणणाऱ्या माणसानं रकान्यात वेगळं काही लिहावं, हे बोटांना सुचलंच नव्हतं.

“म्हणजे मधे कादिर बायकेची पायरी आहे, तोकोबाय मलाही आठवा,” तो पुटपुटला. “पण अतांना काय सांगू? तुमच्या नावाखालून उठतो म्हणू? ते मोडतील गं.”

“मग माझ्या कानांना सांग, थांबा म्हणून.”

संध्याकाळी साबिरकुल ओट्यावर लगामाला टाका घालत होते. तालाय लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि त्याचं झाकण उघडमीट करत राहिला.

“बोल की. का तेही यंत्र बोलणार?”

“अता, झाडात माझी जागा चुकलीय.”

“माहीत आहे. त्या घरातच कळलं होतं. सात मोजता येतात मला.” म्हाताऱ्यानं दोरा दातानं तोडला. “तीन दिवस जीभ उचलत नव्हती. चौतीस वर्षं मुलगा होतास, एका बोटासरशी नातू करायचा? लबाडी माझी होती. हलव.”

तालायनं हलवलं. मग आकडे बघितले, पुन्हा बघितले, आणि त्याला हसू आवरेना.

“अता, हे बघा. आधी कादिर बायकेचं दार चार हजार एकशे चोवीसला लागत होतं, मी त्याच्या बाहेर होतो. आता ते चार हजार एकशे सव्वीसला लागतं, मी आत. त्याचं दार दोन आकडे सरकलं, बस.”

“आणि माझं?”

“चार हजार एकशे अठराला उघडतं, चार हजार एकशे सत्तावीसला लागतं. आधीही तेच होतं. मी तुमच्या आतच होतो, अजूनही आतच आहे.”

साबिरकुलनी चष्मा पुसला, दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं, आणि मधली नावं मोठ्यानं वाचली. तालायचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

“कादिर!” त्यांनी अंगणात हाक मारली. “घोडे काढ, जानिझाककडे जायचंय. आणि ऐक, वहीत हा तुझा. घरात मला अता म्हणेल, तुला बायकेच म्हणेल. कबूल?”

कादिरनं दोनदा मान हलवली. पट्टा आवळायला या वेळी त्याला खरंच जमेना, म्हणून तालायनं जाऊन आवळून दिला. डुलांची डबी साबिरकुलच्या खिशात होती. तीन दिवस ती त्यांनी बाहेर काढलीच नव्हती.