सायरनला न जुमानणारे

प्रयोगशाळेत गॅस गळत होता आणि विद्यापीठाची इमारत रिकामी करायचं काम फाटकाजवळच्या खोलीतल्या ऑपरेटरबाईंच्या गळ्यात पडलं होतं. त्यांनी सायरन वाजवला, सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा धाडला, माइकवरून बाहेर पडायला सांगितलं. पण दर महिन्याच्या सरावाने सगळ्यांचे कान किटलेले. खुर्चीतून कुणी ढिम्म हलेना.

शेवटी बाईंनी जाहीर केलं, "मैदानालगतच्या गाड्या उचलून नेण्यात येत आहेत."

मग काय विचारता! गुडघेदुखीवाले प्राध्यापक दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. ज्यांचा संसाराचा मोह कधीच सुटला होता, ते तत्त्वज्ञानाचे सर किल्ली नाचवत धावले. सर्वांत पुढे कुलसचिव, धापा टाकत.

"गाड्या तर जागच्या जागी आहेत," ते खिडकीशी येऊन गुरगुरले. "बाई, खोटं बोललात?"

"साहेब, आत गॅस गळतोय. खरं तीनदा सांगून पाहिलं. आलात का?"

कुलसचिव वरमले. "आणि पोरं?"

"वरच्या मजल्यावरच. त्यांच्याकडे कुठल्या गाड्या?"

"मग निकाल मैदानात लागलाय म्हणा. आणि जरा जोरात म्हणा."

बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आतच जिना दणाणला.