दोनदा आलेली तिसरी पायरी

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. मला हातात धरून उलटता येत नाही, आणि पुस्तकात खूण म्हणून माझ्यात मोरपीसही ठेवता येत नाही. मी संगणकावरचे पान आहे. अनेकांनी मिळून लिहायचे आणि अनेकांनी मिळून सुधारायचे, अशा एका विकीवर माझा जन्म झाला. माझे नाव ‘बोटीच्या इंजिनातली हवा काढणे’. नाव साधे आहे. माझी कहाणी मात्र सांगताना मला खाली बघावेसे वाटते.

मालवणजवळच्या एका वाडीत मच्छीमारांच्या सोसायटीचे कार्यालय आहे. ते रामाच्या देवळाला लागूनच आहे. मधे एक भिंत आणि त्या भिंतीत एक खिडकी. देवळात कीर्तन उभे राहिले, की झांजा आमच्या टेबलावर वाजल्यासारख्या ऐकू येतात. २००७ साली कुडाळच्या काही इंजिनियर मंडळींनी मच्छीमारांसाठी हे विकी सुरू केले आणि सोसायटीत एक संगणक आला. तो चालवायला संजना आली. ती आयटीआय शिकलेली, हसरी आणि जिभेने तिखट मुलगी होती.

मला घडवले दोघांनी. बोटे संजनाची होती आणि शब्द सहदेवकाकांचे. सहदेवकाका म्हणजे वाडीचे इंजिन मिस्त्री. चाळीस वर्षे त्यांनी बोटींची इंजिने दुरुस्त केली. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, पण डिझेलच्या नळीत हवा शिरून इंजिन बंद पडले तर ती हवा कशी काढायची, याच्या दहा पायऱ्या त्यांना रामरक्षेसारख्या पाठ होत्या. तिसरी म्हटले की फिल्टरचा स्क्रू सैल करणे. चौथी म्हटले की बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारणे. आठवी म्हटले की नोझलचा नट सैल करून स्टार्टर मारणे. आकडा आधी आणि काम मागाहून, अशी त्यांची रीत होती.

“लिव गो,” ते संजनाला म्हणाले, “स्क्रू दोन आटे सैल करूचो. ‘काढूचो’ लिवशात तर तो पडतलो बोटीच्या तळात, आणि लोक माझ्या नावान बोंबलतले.”

“काका, तुमचा नाव हय खंय येणा नाय. हय सगळ्यांचा मिळान एकच,” संजना म्हणाली.

“बरा झाला. माझ्या नावार आधीच लय बोंबाबोंब आसा!”

संजनाने ‘बदला’ हे बटण दाबले आणि मला लिहायला घेतले. शीर्षकाच्या दोन्ही अंगांना तिने बरोबरीची दोन-दोन चिन्हे घातली, आणि ते मोठे होऊन उभे राहिले. सावधगिरीच्या शब्दांना तीन-तीन अवतरणखुणा लावल्या, आणि ते ठळक झाले. ‘फिल्टर’ या शब्दाभोवती तिने दुहेरी चौकोनी कंस घातले. मग त्या शब्दावर टिचकी मारली, की फिल्टरचे वेगळे पान उघडू लागले. प्रत्येक पायरीच्या आधी तिने जिन्यासारखी आडव्या-उभ्या रेघांची एक खूण (#) घातली. आकडे तिने लिहिलेच नाहीत. ती खूण दिसली, की विकी आपणहून एक, दोन, तीन असे मोजत जाते. शेवटी तिने ‘झलक पाहा’ दाबून मला वरपासून खालपर्यंत वाचले, काय केले ते सारांशाच्या चौकटीत लिहिले आणि मग मला जतन केले. मित्रांनो, माझे बाळपण असे नेटके होते.

पुढची दीड वर्षे मी कामाला आलो. कुणी मुंबईहून, कुणी वेंगुर्ल्याहून मला वाचत असे. चूक दिसली तर ती चर्चेच्या पानावर लिहीत असे. बंदरावर कुणाचे इंजिन अडले, की लोक सहदेवकाकांना फोन करत आणि काका फक्त आकडे सांगत. माझ्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा शब्द दूरवर पोचतो, याचा मला आनंद होता. पुढे त्या आनंदाचा गर्व झाला, तो असा.

सोसायटीचे कारकून सुदेश हे वाडीच्या भजन मंडळाचे बुवा. गळा गोड, अक्षर त्याहून गोड. त्यांची भजनाची वही बघायला लोक कणकवलीहून येत. चार ओळींचे कडवे झाले, की एक ओळ मोकळी सोडायची, म्हणजे गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते, असे ते सांगत. काम करतानाही ते गुणगुणत असत, आणि त्यांच्या गुणगुणण्यात माझे कितीतरी दिवस पवित्र झाले. सहदेवकाका त्यांच्या भजनात पखवाज वाजवत. दोघांची जोडी वीस वर्षांची होती.

२००८च्या डिसेंबरात सोसायटीने ठरवले, की माझी छापील प्रत प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक बोटीवर द्यायची. संजना तेव्हा बहिणीच्या लग्नाला गेली होती. सुदेशबुवा म्हणाले, “पान जरा दाटच दिसता. मी सुबक करतंय.” त्यांनी ‘बदला’ दाबले आणि भजनाच्या वहीत करतात तसेच केले. चार पायऱ्या झाल्यावर एक मोकळी ओळ. पुढच्या चार झाल्यावर आणखी एक. ‘झलक पाहा’ या बटणाकडे त्यांनी बघितलेसुद्धा नाही. सारांशात ‘सुबक केले’ एवढे लिहून त्यांनी मला जतन केले.

मित्रांनो, विकीची एक रीत आहे. क्रमाच्या खुणांच्या मधे मोकळी ओळ आली, की त्याला वाटते यादी संपली. पुढची ओळ ते पुन्हा एकपासून मोजते. माझ्या दहा पायऱ्यांची तीन कडवी झाली: एक ते चार, मग पुन्हा एक ते चार, मग एक आणि दोन. माझ्या अंगावर तिसरी पायरी दोनदा आली, चौथीही दोनदा आली, आणि आठवी उरलीच नाही. बुवांना त्यात काही खटकले नाही, कारण कडव्याच्या ओळी नव्यानेच मोजायच्या असतात. छापून आलो तेव्हा सगळे म्हणाले, “वा बुवा! पान कसा देवळातल्या रांगोळीसारखा दिसता!” ते ऐकून मी फुललो. माझ्या पोटात काय बिघडले होते हे मला कळत होते. पण कौतुक ऐकताना मला त्याची आठवण ठेवायची नव्हती. माझ्या लाजेची सुरुवात तिथे झाली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, मुस्तफाची बोट खडकांच्या बाजूला बंद पडली. बोटीवर तो आणि त्याचा मेहुणा मुझफ्फर असे दोघेच होते. इंजिनात हवा शिरली होती. माझी प्लास्टिकमधली प्रत मुस्तफाच्या गुडघ्यावर होती, म्हणून मी हे पाहिले. वरपासून खालपर्यंत त्याने सगळे केले. इंजिन घरघरले आणि पुन्हा बसले. त्याने सहदेवकाकांना फोन लावला.

“काकानु, सगळा केलंय. चालू होऊन बंद पडता.”

“घाबरा नको. तीन नि चार परत करा. तीन नि चार. मगे...” आणि फोन तुटला.

काकांचे म्हणणे बरोबर होते. फिल्टरात हवा उरली होती. पण मुस्तफाचे बोट तेव्हा माझ्या शेवटच्या दोन ओळींवर होते. तिथून वर सरकले तर जवळची तीन आणि चार सापडली ती मधल्या कडव्यातली. तिथल्या चारमध्ये लिहिले होते, ‘नोझलचा नट सैल करा, स्टार्टर मारा.’ त्याने स्टार्टर मारला. पुन्हा मारला. मुझफ्फर म्हणाला, “आणखी एकदा मार, काका चुकूचे नाय.” बॅटरी उतरली. वारा सुटला आणि बोट खडकांकडे सरकू लागली. मुझफ्फरने वल्हे खडकाला टेकवून बोट ढकलली, त्यात त्याचे मनगट मोडले. बोटीची एक फळी फुटली. दुसऱ्या बोटीने दोर टाकून त्यांना ओढून आणले म्हणून दोघे जिवंत किनाऱ्याला लागले. त्या आरडाओरड्यात मी तळातल्या पाण्यात पडून होतो, सुबक आणि निरुपयोगी.

त्या दुपारी मुस्तफाची बायको सलमा सोसायटीत आली. सहदेवकाका बाकावर बसले होते.

“काकानु, तुमी सांगल्यात ताच केल्यानी,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरली. माझ्या भावाचो हात मोडलो. तुमका इचारल्याशिवाय आमी कधी काय केलाव?”

काका हळूच म्हणाले, “स्टार्टर आठवीत येता. म्हणजे माझ्या तोंडातून आठ गेला आसतला. माका वाटला मी तीन नि चार म्हटलंय.” त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट आपटले. “हय बिघाड झालो, सलमा. मनगटाचा जा काय आसात ता माझ्या डोक्यार.”

मी त्याच टेबलावर पडद्यावर उघडा होतो. पण कुणी माझ्याकडे बघितले नाही, आणि मला बोलता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुदेशबुवांनी मला एकट्याने उघडले. ते वाचत गेले आणि मधेच त्यांचे गुणगुणणे थांबले. त्यांनी दोन्ही मोकळ्या ओळी काढल्या. माझ्या पायऱ्या पुन्हा एक ते दहा झाल्या. पण या वेळी त्यांनी आपले नाव घालून प्रवेश केला नाही. नावाच्या जागी संगणकाच्या पत्त्याचे नुसते आकडे उमटले. सारांश त्यांनी कोरा ठेवला. मग ‘नवीन काढायचे आहेत’ असे सांगून सगळ्या बोटींवरचे जुने प्लास्टिक त्यांनी गोळा करून घेतले. मी दुरुस्त झालो, मित्रांनो, आणि इतके ओशाळवाणे मला बिघडलेला असतानाही वाटले नव्हते.

सहदेवकाका बंदरावर जायचे बंद झाले. फोन आला तर बायकोला, गोदूबाईला, म्हणत, “सांग, घरात नाय.” एकदा ती संजनाला सांगायला आली. “गो, हे मिठाच्या बरणीक हात लावून माका इचारतत, ह्या मीठच मा? डोका गेला म्हणतत. तू तरी समजाव.” बुवा शेजारच्या टेबलावर पावत्या लावत होते. एक पावती त्यांनी तीनदा लावली.

चार आठवडे असे गेले आणि रामनवमी आली. देवळात सकाळपासून कीर्तन उभे होते. पूर्वरंग संपला, बुक्का लावायची वेळ झाली. हा मान सुदेशबुवांचा. ताटली घेऊन ते एकेकाच्या कपाळाला बुक्का लावत खिडकीजवळ आले. तिथे खांबाआड सहदेवकाका बसले होते. त्या दिवशी पखवाज दुसराच कुणी वाजवत होता.

“पखवाज माका नको, बुवा,” मला खिडकीतून ऐकू आले. “माका आता ताल पण आठवात काय नाय म्हायत नाय. रामासमोर चुकलंय तर?”

ताटली ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. पाठोपाठ आमचे दार उघडले. सुदेशबुवा काकांचा हात धरून आत आले होते, मागून संजना. पलीकडे रामजन्माचे आख्यान सुरू होत होते.

“संजना, इतिहास उघड,” बुवा म्हणाले.

माझ्यासारख्या प्रत्येक पानाला इतिहास असतो. कुणी, कधी, काय बदलले, ते सगळे तिथे राहते. पुसून टाकलेलेही राहते. संजनाने जुने आणि नवे शेजारी-शेजारी लावले आणि वाचले, “डिसेंबर २००८. सुदेश. सुबक केले.” मग तिने त्या दिवसाचा मी उघडला, आणि बोट ठेवून आकडे मोजले. तिचा हात थांबला. “बुवा, ह्या तुमी केल्यात? माका इचारूचा तरी!”

“मीच केलंय. आणि लपवलंय पण मीच,” बुवा म्हणाले. “काका, तुमी तीन नि चारच म्हटल्यात. पान चुकीचा होता. तुमी चुकूक नाय.”

काका खुर्चीवर बसले. “म्हणजे माका इसार पडूक नाय?”

“नाय.”

“संजना, वाच बघू धाय पायऱ्यो.” ती वाचू लागली, आणि प्रत्येक ओळीच्या आधी काका पुढची ओळ म्हणत गेले. एकही चुकली नाही. दहावी झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मग बुवांकडे बघितले.

“चूक कोणाचीय होता, बुवा. माझ्या हातान काय थोडी इंजिना बिघाडली? पण एक महिनो मी माझ्याच डोक्याक भियालंय. घरात मीठ चाखान बघलंय. तो महिनो खंय लिवलंस?”

बुवा खाली मान घालून उभे राहिले. काकाच म्हणाले, “बस. लिव.”

चर्चेच्या पानावर बुवांनी आपल्या नावाने लिहिले, आणि काकांनी सांगितले तसेच लिहिले: ‘त्या दिवशी सहदेव मिस्त्रींनी तीन आणि चार म्हटले. बरोबर म्हटले. पान सुदेशने बिघडवले आणि महिनाभर सांगितले नाही.’ मग तो मजकूर छापून तिघेही मुस्तफाच्या घरी गेले. तिथे काय झाले ते मला ठाऊक नाही. संजना सांगते, सलमाने तो दोनदा वाचायला लावला, एकदा स्वतःसाठी आणि एकदा मुझफ्फरसाठी. बुवांना बसा म्हणाली नाही. सहदेवकाकांना मात्र तिने आत नेले.

आज २०१० साल आहे. काकांना बंदरावरून फोन येतात, आणि ते आकडे सांगतात. मुझफ्फरचे मनगट मात्र पुरते वळत नाही. जाळे ओढताना तो डावा हात वापरतो, असे ऐकले की मला अजून लाज वाटते.

मित्रांनो, मला बदला. जरूर बदला, मी त्यासाठीच आहे. पण आपल्या नावाने बदला, काय बदलले ते लिहा, आणि चुकलात तर त्याच दिवशी सांगा. जतन करण्याआधी दोन मिनिटे माझ्याजवळ थांबा आणि मला वरपासून खालपर्यंत एकदा वाचा. तुम्हाला तेवढी फुरसत असते. भर समुद्रात गुडघ्यावर मला धरून वाचणाऱ्याला ती नसते.