खडबडीत भिंतीवरची वेल

गुळगुळीत भिंतीवर काय, कोणीही वेल काढेल, असं बाबा म्हणायचे. खरी परीक्षा खडबडीत भिंतीची. लोकांना हल्ली भिंती वाळू मारल्यासारख्या लागतात आणि वर त्यावर नक्षीही लागते. अशा भिंतीवर सरळ ब्रश ओढला तर रंग उंचवट्यांवर बसतो, खड्डे कोरेच राहतात आणि पानाच्या अंगावर देवीचे व्रण दिसतात. म्हणून बाबांची रीत ठरलेली होती. आधी आखूड केसांच्या ब्रशने रंग ठोकून ठोकून खड्डे भरायचे आणि तो ओला असतानाच लांब ब्रशने एका दमात पान काढायचं. देठापाशी मनगट जरासं मुरडायचं. त्या मुरडीमुळे पान वेलीवर डकवल्यासारखं न दिसता वेलीतून फुटल्यासारखं दिसायचं. गिऱ्हाइकं त्यांना वेलवालेच म्हणत; खरं नाव निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

वेलवाले जाऊन महिना होत आला होता आणि त्यांची शेवटची भिंत अर्धी राहिली होती.

ती भिंत एका निवृत्त शिक्षिकेच्या दिवाणखान्यातली. दारापासून निघालेली वेल खिडकीपर्यंत जायची होती, ती मध्येच थांबली होती. बाईंनी बरीच कळ काढली, पण आता त्यांचे लेक-जावई राहायला येणार होते. "तुमचं दुःख मला कळतं हो," त्या फोनवर म्हणाल्या, "पण पाहुण्यांना काय सांगू? वेल दमली, म्हणून बसली?"

फोन धाकट्याने घेतला होता. शाळा सुटल्यापासून तो बाबांच्या हाताखाली होता. थोरली दुसऱ्या शहरात एका वाचनालयात नोकरीला. बाबा गेल्याचं कळल्यावर आली ती घर आवरायला म्हणून रजा वाढवून राहिली होती.

"खरवडून टाकतो सगळी," फोन ठेवत तो म्हणाला. "नवं टेक्स्चर मारतो, वर एकच रंग. बाईंना मी समजावतो."

"बाबांची शेवटची भिंत आहे ती."

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे?"

तो चहावर फुंकर मारत बसला. फुंकर मारण्याइतका तो गरम राहिलेला नव्हता.

"बाबांचं नाव पुसायची एवढी घाई झालीये का रे तुला?"

"ताई, दुरून डोंगर साजरे. तू चल, भिंत बघ, रडून घे आणि सोडून दे. धंदा मला करू दे."

"मी पुरी करते ती वेल."

"तू? पुस्तकावर शिक्के मारण्याइतकं सोपं नाही ते."

"तुझ्या आधी मी ब्रश धरलाय."

हे खोटं नव्हतं. लहानपणी सुट्टीत ती बाबांबरोबर कामावर जायची. ती खड्डे भरायची, बाबा पान काढायचे. मग तिला मार्क पडू लागले आणि बाबा म्हणाले, पोरी, तू पुस्तकं सांभाळ, भिंतींचं मी बघतो. ब्रश गेला धाकट्याकडे, ज्याला मार्क पडत नव्हते. लोक तिला म्हणत, नशीब काढलंस. तिला मात्र वाटायचं, आपलं कौतुक करून करून आपल्याला घराबाहेर काढलं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही.

शेवटी धाकट्याने हात टेकले. "कर काय करायचं ते. माझं सकाळी एका ठिकाणी प्रायमरचं काम आहे. मी दुपारी येतो. तोवर रंग कालवून ठेव. आधीच्या कामाला मात्र हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडलं आणि तिला भिंत दाखवून त्या बाजारात गेल्या.

थोरली भिंतीसमोर उभी राहिली. दाराच्या चौकटीतून वेल निघाली होती ती बाबांसारखीच, आढेवेढे न घेता. पानाला पान लागत नव्हतं आणि तरी कुठे रिकामं वाटत नव्हतं. प्रत्येक देठाशी ती मुरड होती. तिने एका पानावर तळवा ठेवला. भिंत टोचली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला बाबा जवळ असल्यासारखं वाटलं.

मग ती खिडकीच्या दिशेने सरकली आणि विजेच्या बटणांच्या पाटीपलीकडे तिचे डोळे अडखळले. तिथला पानांचा झुबका निराळाच होता. रंग नको तितका ठोकलेला, कडा दोनदा गिरवलेल्या आणि तरी तुटलेल्या. एका पानाचा ओघळ खड्ड्याखड्ड्यांतून खाली उतरला होता. मुरडीचा पत्ता नव्हता. देठ काड्या खोचल्यासारखे.

तिला वाटलं, तिला सगळं समजलं. बाबांनी अंथरूण धरल्यावर याने वेल पुढे न्यायचा प्रयत्न केला आणि माती केली. आता आपली माती झाकायला हा बाबांचं सोनंही खरवडायला निघालाय. म्हणूनच म्हणे!

हात लावू नकोस, हे तिला आठवत होतं. आठवलं म्हणूनच तिने पिशवीतून खरवडायचा पत्रा आणि तारेचा ब्रश काढला.

खडबडीत भिंतीवरचा रंग पुसून जात नाही. तो खड्ड्यांत मुरलेला असतो; काढायचा तर भिंतीची सालच काढावी लागते. तिने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि पत्रा लावला. हिरवी वाळू झरझर खाली पडू लागली. खांदा भरून आला, नखांत कण गेले. पण त्यात एक सुख होतं. बाबांसाठी हॉस्पिटलमध्ये धावपळ केली ती धाकट्याने, रात्री जागला तो धाकटा. तिच्या वाट्याला फोन आले होते. आता कुठे ती त्यांच्यासाठी काही करत होती. झुबका पुरता निघाला आणि खालचा करडा गिलावा दिसू लागला, तेव्हाच ती थांबली.

बाई परत आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. "अगं, हे काय केलंस?"

"भावाने बिघडवलं होतं, बाई. तेवढंच काढलं. बाबांच्या कामाला धक्का लावला नाही."

"भावाने?" बाईंनी पिशवी जमिनीवर ठेवली. "दारापासूनची सगळी पानं भावाचीच की. तुझे वडील तिथे खुर्चीत बसून नुसते सांगायचे. वर घे, खाली घे, गाढवा, मनगट आहे का मुसळ! आणि ती शेवटची मात्र, मी काढणार म्हणून हटून बसले. पोरगा मागून कमरेला धरून उभा. एकेका पानाला सकाळ जायची. मी म्हटलं, छान झालीत. म्हणावं लागतं गं."

पत्रा थोरलीच्या हातातच होता.

धाकटा आला तेव्हा त्याच्या केसांवर प्रायमरचे पांढरे शिंतोडे होते. त्याने भिंतीवरचं टक्कल पाहिलं, मग खालचा कागद पाहिला आणि चपला न काढता स्टुलावर बसला.

"हात लावू नकोस म्हटलं होतं, ताई."

"सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी बजावलं होतं. हात गेलाय हे ताईला कळता कामा नये. फोन आला की सांग, वेल चालू आहे."

"पण ती दाराजवळची... मुरड तर त्यांचीच आहे."

"मग कोणाची असणार? इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काय माशा मारत होतो?"

बाई स्वयंपाकघरात गेल्या. तिथे भांडं वाजलं, पाण्याचा नळ सुटला.

"मग खरवडणार का होतास सगळी?"

धाकट्याने डोळे चोळले. "कामाच्या शेवटच्या दिवशी घरी जाताना म्हणाले, मी गेल्यावर माझी पानं तेवढी काढून टाक, लोक हसतील. आता तेवढीच कशी काढू? माझ्याने होईना. म्हटलं, सगळी भिंतच काढू, म्हणजे त्यात तीही जातील."

"म्हणजे झालं त्यांच्या मनासारखं," थोरली म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला.

"झालं खरं."

त्याने टेक्स्चर कालवलं, टक्कल भरलं. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि काम उरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने खड्डे भरले, त्याने पानं काढली. त्याचा हात न थांबता चालला होता. ती मागे पडली की तो तिच्याकडे न बघता वाट पाहायचा.

"कशी होती रे ती पानं?" तिने मध्येच विचारलं. "मी रागारागात पाहिली. मला धड आठवतसुद्धा नाहीत."

"मी कुठे भिंतीकडे बघत होतो? ते पडू नयेत म्हणून धरलं होतं."

"फोटो?"

"काढू दिला नाही त्यांनी." त्याने ब्रश रंगात बुडवला. "खड्डे भर, रंग सुकतोय."

वेल खिडकीशी पोचली आणि बाईंचे लेक-जावई सामानासह दारात उभे राहिले. बाईंना कोण आनंद झाला. त्यांनी दोघांना हाताला धरून भिंतीसमोर आणलं.

"वेलवाल्यांचं शेवटचं काम बरं का हे. आणि ही," बटणांच्या पाटीपलीकडच्या झुबक्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "ही तर त्यांनी अगदी जायच्या आधी काढलेली. उभं राहवत नव्हतं बिचाऱ्यांना."

त्यांनी एकदाही बहीण-भावाकडे पाहिलं नाही.

"काय सांगतेस, आई!" लेक म्हणाली. "शेवटपर्यंत हात किती स्थिर होता."

जावई पुढे वाकला. कौतुकाने त्याने एका पानाच्या देठावरून बोट फिरवलं, मग ते बोट उजेडात धरून बघत राहिला. बोट हिरवं झालं होतं.

"हवाच दमट आहे इथली," बाई घाईघाईने म्हणाल्या.

धाकट्याने खांद्यावरचं फडकं काढलं आणि जावयाच्या पुढे केलं.